ब्लॅक टॅलन आणि पोकळ टोकाच्या गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत गोळीबाराची मोठी बातमी आली की ‘ब्लॅक टॅलन’ हे नाव आजही कुठून तरी वर येतं. ही गोळी पोलिसांचं चिलखत फोडते, शरीरात शिरून करवतीसारखी फिरते, अमेरिकी सरकारने तिच्यावर देशभर बंदी घातली, अशी विधानं मराठीतही छातीठोकपणे केली जातात. तिन्ही चुकीची आहेत. खरी हकीकत वेगळी आहे आणि माझ्या मते जास्त अस्वस्थ करणारी आहे. कोणती गोळी घ्यावी याचा सल्ला इथे मिळणार नाही. गोळी लागलेल्या माणसाचं काय होतं आणि एखादी गोळी बदनाम कशी होते, एवढाच इथला विषय आहे.

ब्लॅक टॅलन म्हणजे नेमकं काय?

विंचेस्टर या ब्रँडखाली ऑलिन कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणलेली हातबंदुकीची, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्वरची काडतुसं. ९ मिमी व्यासात १४७ ग्रेन, पॉइंट ४० मध्ये (म्हणजे ०.४० इंच व्यासात) १८० ग्रेन आणि पॉइंट ४५ मध्ये २३० ग्रेन वजनाची गोळी यायची. ग्रॅममध्ये सांगायचं तर साधारण साडेनऊ, पावणेबारा आणि पंधरा. खोक्यात वीस काडतुसं असायची.

गोळी आतून शिशाची, वरून तांब्याच्या मिश्रधातूचं कवच आणि टोकाला खळगा. इथपर्यंत ती इतर पोकळ टोकाच्या गोळ्यांसारखीच. फरक कवचात होता. ते तोंडाशी जाड ठेवलेलं होतं आणि त्यावर आधीच खाचा पाडलेल्या होत्या. गोळी उमलली की कवचाच्या सहा पाकळ्या मागे वळत आणि प्रत्येकीचं टोक बाहेरच्या बाजूला उभं राही. शिकारी पक्ष्याच्या नख्यांचं नाव गोळीला मिळालं ते या टोकांमुळे. वरून ती काळी कुळकुळीत. नाव, रंग आणि उमललेल्या नख्यांचा फोटो, या तीन गोष्टींनी तिचं पुढचं सगळं नशीब ठरवलं.

टोक पोकळ असल्याने काय होतं?

शरीरात पाण्याचा अंश भरपूर असतो. गोळी आत शिरली की खळग्यात ओला ऊतक दाबाने भरतो, तो दाब खळग्याच्या भिंती बाहेर ढकलतो आणि गोळी पुढून फुगते. ९ मिमी व्यासाची गोळी उमलल्यावर साधारण १५ मिमीपर्यंत रुंद होते. याचे दोन परिणाम. वाट रुंद पडते. आणि रुंद झालेली गोळी लवकर थांबते, पलीकडून बाहेर पडून मागच्या माणसाला लागण्याची शक्यता कमी होते.

गोळी ‘फुटते’ असं बऱ्याच बातम्यांत लिहिलेलं असतं. चांगली बनवलेली पोकळ टोकाची गोळी फुटत नाही. तिचे तुकडे झाले तर वजन घटतं आणि ती उथळ राहते, म्हणून ती अखंड राहावी यासाठीच उत्पादक आटापिटा करतात.

काळा रंग टेफ्लॉनचा होता ना? म्हणूनच ती चिलखत भेदायची?

नाही, आणि नाही.

काळा थर ल्युबालॉक्स नावाचा होता. नळीशी होणारं घर्षण कमी करणं हे त्याचं काम. टेफ्लॉनची कथा दुसऱ्याच गोळीची. १९६० च्या दशकात अमेरिकेत केटीडब्ल्यू नावाची कठीण धातूची गोळी तयार झाली होती. गाडीची काच, पत्रा अशा अडथळ्यांतून पोलिसांची गोळी पार जावी हा तिचा हेतू. कठीण धातूने नळी खरवडली जाऊ नये म्हणून तिच्यावर टेफ्लॉन चढवलेलं असायचं. १९८० च्या दशकात तिला ‘पोलीस मारणारी गोळी’ असं नाव पडलं, आणि १९८६ मध्ये हातबंदुकीच्या चिलखतभेदी गोळ्यांवर निर्बंध घालणारा केंद्रीय कायदा आला. लोकांच्या मनात मात्र टेफ्लॉन म्हणजे चिलखत भेदणं हे समीकरण पक्कं बसलं, आणि काही वर्षांनी काळी गोळी दिसताच ते तिला चिकटवलं गेलं.

प्रत्यक्षात गोष्ट उलटी आहे. पोकळ टोकाची गोळी केवलारच्या, म्हणजे चिलखतातल्या मजबूत धाग्याच्या, थरांवर आदळली की तिथेच पसरते आणि अडकते. चिलखतासमोर ती साध्या, टोकापर्यंत पूर्ण कवच असलेल्या गोळीपेक्षा कमजोर ठरते.

अशी गोळी बनवायची गरज का पडली?

याचं उत्तर ११ एप्रिल १९८६ च्या सकाळी, मायामीत आहे. तो दिवस कळल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही.

बँका आणि पैसे वाहून नेणाऱ्या गाड्या लुटणाऱ्या दोघांची गाडी एफबीआयच्या आठ जणांनी अडवली. जेमतेम पाच मिनिटांच्या चकमकीत बेन ग्रोगन आणि जेरी डव्ह हे दोन अधिकारी मारले गेले, पाच जखमी झाले. दोन्ही दरोडेखोरही मेले, पण त्यातल्या मायकेल प्लॅटला थांबवायला फार वेळ लागला.

प्लॅटला सुरुवातीलाच ९ मिमीची एक गोळी लागली होती. ती विंचेस्टरचीच होती, सिल्व्हरटिप नावाची, ११५ ग्रेनची. ती उजव्या दंडातून आरपार गेली, बरगड्यांतून छातीत शिरली, उजवं फुप्फुस निकामी केलं आणि हृदयाच्या साधारण इंचभर अलीकडे थांबली. वैद्यकीयदृष्ट्या ती जखम जीवघेणीच होती. पण जीवघेणी जखम आणि तत्काळ थांबवणारी जखम यांत अंतर असतं, आणि त्या अंतरात प्लॅट अर्धस्वयंचलित रायफल चालवत राहिला. दोन्ही अधिकारी त्याच वेळात मारले गेले. ती गोळी मारणारा जेरी डव्ह त्यांपैकी एक.

ती बिघडलेली नव्हती, हे इथे नीट लक्षात घ्यायला हवं. जशी बनवली होती तशीच ती वागली. लवकर उमलली, म्हणून लवकर थांबली. चकमकीत इतरही चुका झाल्या होत्या. समोर रायफल असताना बहुतेकांच्या हातात पिस्तूल-रिव्हॉल्वर होती. तरी एफबीआयने मोठा दोष गोळीच्या खोलीला दिला, आणि मला तो निष्कर्ष ढोबळपणे बरोबर वाटतो. ब्लॅक टॅलन आली ती या मागणीतून: उमलणारी, पण उथळ न थांबणारी गोळी. सिल्व्हरटिप ज्या कंपनीची, तिनेच ती आणली.

‘१२ ते १८ इंच’ हा आकडा कुठून आला?

मायामीनंतर एफबीआयने जखमांचा अभ्यास करणारे तज्ज्ञ बोलावले आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी एक चाचणीपद्धत ठरवली. गोळी, स्नायूंच्या जागी वापरल्या जाणाऱ्या जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान १२ इंच शिरली पाहिजे आणि १८ इंचांपलीकडे जाऊ नये. माणसाची छाती समोरून मागे साधारण नऊ-दहा इंच असते, मग बारा कशाला, असं कुणालाही वाटेल. पण माणूस फोटोसारखा समोर उभा नसतो. तो तिरका असतो, वाकलेला असतो, त्याचा हात मध्ये आलेला असतो. प्लॅटचा हात मध्ये आला होता.

ठोकळ्याचीही एक शिस्त असते. जिलेटिन वजनाने दहा टक्के, तापमान चार अंश सेल्सिअस. चाचणीआधी त्यात साडेचार मिमीचा पोलादी छर्रा सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगाने सोडतात, तो साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास थांबला तरच ठोकळा ग्राह्य धरायचा. मग गोळी झाडतात, आधी उघड्या ठोकळ्यावर, नंतर जाड कपडे, पत्रा, भिंतीचा बोर्ड, प्लायवूड आणि गाडीची तिरकी काच मध्ये ठेवून. ठोकळा पारदर्शक पिवळसर असतो. गोळीची वाट त्यात कायमची उमटते: सुरुवातीला अरुंद, मग उमलल्यावर चिरफळलेली आणि रुंद, पुढे पुन्हा निमुळती. शेवटी ठोकळा कापून गोळी काढायची, पाकळ्यांचा व्यास आणि उरलेलं वजन मोजायचं.

पोकळ टोकाची खरी परीक्षा होते ती कपड्यांच्या चाचणीत. डेनिमचा तुकडा खळग्यात बूच मारल्यासारखा बसला तर गोळी उमलतच नाही, साध्या गोळीसारखी सरळ आत जाते. नव्वदच्या दशकात हे वारंवार व्हायचं आणि ब्लॅक टॅलनही त्याला अपवाद नव्हती.

जिलेटिनमध्ये जे दिसतं तेच माणसात होतं का?

तंतोतंत नाही. जिलेटिनमध्ये हाड नाही, फुप्फुसाची हवा नाही, ताणली जाणारी कातडी नाही. मात्र स्नायूंमधली खोली आणि उमलणं यांचा अंदाज ते चांगला देतं. अमेरिकी लष्कराचे सर्जन मार्टिन फॅकलर यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या लष्करी संशोधन संस्थेत जिलेटिनची तुलना प्राण्यांच्या ऊतकांशी करून हे दाखवलं. व्हिएतनाममध्ये जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केलेला हा माणूस. गोळीबद्दलच्या दंतकथांवर त्यांचा राग होता, कारण दंतकथा मानणारा सर्जन नको तेवढं कापतो.

फॅकलर यांनी ठसवलेला मुद्दा असा. गोळी जाताना भोवतीचा ऊतक क्षणभर बाजूला फेकला जातो, ती तात्पुरती पोकळी. गोळीने प्रत्यक्ष चिरडलेली वाट ही कायमची पोकळी. रायफलच्या वेगाला तात्पुरत्या पोकळीनेही ऊतक फाटतो. पिस्तुलाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला तीनशे-साडेतीनशे मीटरच्या आसपास, स्नायू, फुप्फुस, आतडी असे लवचीक भाग बहुतांशी ताणून पूर्ववत होतात. यकृतासारखे ठिसूळ अवयव मात्र फाटू शकतात. थोडक्यात, पिस्तुलाची गोळी तिने जे चिरडलं तेवढंच नुकसान करते, म्हणून ती कुठे लागली आणि किती आत गेली हेच निर्णायक. तिचं नाव काय आणि रंग कोणता, याला शरीरात काहीच अर्थ नाही.

मग ब्लॅक टॅलनच्या जखमा इतरांपेक्षा भयानक होत्या का?

त्याच काळातल्या त्याच दर्जाच्या गोळ्यांपेक्षा फारशा वेगळ्या नव्हत्या. फेडरलची हायड्रा-शॉक, रेमिंग्टनची गोल्डन सेबर, स्पीअरची गोल्ड डॉट या त्याच काळातल्या गोळ्या होत्या. व्यास, वजन आणि वेग सारखा असेल तर उमललेला आकार आणि खोली जवळपास सारखीच येते. नख्यांची टोकं ऊतक कापत जात, हे जाहिरातीतही होतं आणि आरोपातही. पण दीड सेंटिमीटर रुंदीच्या चिरडलेल्या वाटेच्या कडेला सहा बारीक टोकांनी पडणारी भर छोटीच.

पूर्ण कवचाच्या साध्या गोळीशी तुलना केली तर फरक आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. उमललेल्या गोळीची वाट रुंद असते, रक्तस्राव जास्त होतो, महत्त्वाची रक्तवाहिनी सापडण्याची शक्यता वाढते. पण हा फरक सगळ्याच पोकळ टोकाच्या गोळ्यांचा आहे. एका काळ्या गोळीला वेगळं काढून राक्षस ठरवलं, तेव्हा बाकीच्या त्याच दुकानात, त्याच फळीवर, कुणाच्या डोळ्यांत न येता विकल्या जात होत्या.

वाद पेटला कधी?

१९९३ मध्ये. एका वर्षात दोनदा.

१ जुलै १९९३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या १०१ कॅलिफोर्निया स्ट्रीट या उंच इमारतीत एक माणूस शिरला. चौतिसाव्या मजल्यावरच्या वकिली कार्यालयापासून त्याने गोळीबार सुरू केला, आठ जणांना मारलं, सहा जणांना जखमी केलं आणि स्वतःला संपवलं. त्याच्या काडतुसांत ब्लॅक टॅलनही होती. तोपर्यंत शस्त्रांच्या मासिकांपुरतं असलेलं नाव संध्याकाळच्या बातम्यांत आलं. (याचं आणि पुढे येणाऱ्या दुसऱ्या हल्लेखोराचं, अशी दोन्ही नावं मी मुद्दाम देत नाही. ती लक्षात राहावीत असं त्यांत काही नाही.)

त्यानंतर टीव्हीवर उमललेल्या गोळीचे मोठे केलेले फोटो, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या मुलाखती आणि राजकीय मागण्या सुरू झाल्या. न्यूयॉर्कचे सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांनी अशा गोळ्यांवर दहा हजार टक्के कर लावण्याचा प्रस्ताव आणला. नोव्हेंबर १९९३ मध्ये कंपनीने स्वतःहून जाहीर केलं की ब्लॅक टॅलन यापुढे सामान्य ग्राहकांना विकणार नाही, फक्त पोलीस दलांना देणार. केंद्र सरकारने बंदी घातली हा समज इथूनच आला असावा. बंदी नव्हती, माघार होती.

आणि मग ७ डिसेंबरची संध्याकाळ. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरून लाँग आयलंडकडे निघालेली, कामावरून घरी जाणाऱ्यांनी भरलेली लोकल. एका प्रवाशाने डब्यातून चालत चालत गोळ्या झाडल्या. सहा जण गेले, एकोणीस जखमी झाले. तो पुन्हा गोळ्या भरत असताना सहप्रवाशांनी त्याला धरलं. त्याच्या पिस्तुलात ब्लॅक टॅलन होती, कंपनीच्या माघारीच्या आधी विकली गेलेली. मुंबईच्या लोकलने ज्यांचं अर्धं आयुष्य गेलंय त्यांना त्या डब्यात काय झालं असेल हे वेगळं सांगायला नको. पळायला जागाच नसते.

कंपनीवर खटला झाला का?

झाला. लाँग आयलंडच्या गाडीत कॅरोलिन मॅकार्थी या परिचारिकेचे पती डेनिस मारले गेले, मुलगा केविन डोक्यात गोळी लागून गंभीर जखमी झाला. पीडितांनी ऑलिनवर दावा लावला. त्यांचं म्हणणं, गोळीची रचना सदोष आहे आणि ती सरसकट जनतेला विकणं हा निष्काळजीपणा आहे.

दावा फेटाळला गेला आणि १९९७ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. न्यायालयाचा तर्क असा की गोळी उमलते हा तिच्यातला दोष नव्हे. ती त्यासाठीच बनवली आहे, जसं काम करायला हवं तसंच तिने केलं. कायद्याच्या चौकटीत हा तर्क समजतो. पण नवरा गमावलेल्या बाईला ‘वस्तूने आपलं काम नीट केलं’ असं ऐकावं लागणं किती क्रूर आहे, तेही समजतं. निर्णय एकमताचा नव्हता. न्यायाधीश गिडो कॅलाब्रेसी यांनी वेगळं मत नोंदवलं.

मॅकार्थी तोवर १९९६ ची निवडणूक जिंकून अमेरिकी संसदेत पोहोचल्या होत्या. बंदूक नियंत्रणाचा मुद्दा घेऊन त्या २०१५ च्या सुरुवातीपर्यंत तिथे राहिल्या. गोळी बाजारातून गेल्यावरही ही लढाई चालू राहिली, कारण त्यांचा प्रश्न एका ब्रँडचा कधीच नव्हता.

डॉक्टरांना खरंच धोका होता का? हातमोजे फाटायचे म्हणतात.

ही काळजी रास्त होती. जखमेत बोट घालून गोळी चाचपडणाऱ्या सर्जनच्या हाताला पाकळीचं टोक लागू शकतं, आणि १९९० च्या दशकात एचआयव्हीची भीती शस्त्रक्रियागृहात रोजची होती. म्हणून बोटाने चाचपडू नका, एक्स-रे पाहा, चिमट्याने काढा, अशा सूचना वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. गोळीचे धारदार कंगोरे आणि हाडांचे तुकडे मात्र कुठल्याही गोळीच्या जखमेत असतात. ही सूचना सगळ्याच गोळ्यांना लागू पडते.

यात न्यायवैद्यकाचीही एक बाजू आहे. ती आपल्याकडच्या शवविच्छेदनातही तितकीच महत्त्वाची. गोळीच्या कवचावर बंदुकीच्या नळीतल्या आट्यांचे सूक्ष्म ओरखडे असतात, त्यावरूनच ती कोणत्या बंदुकीतून सुटली हे ठरतं. उघड्या धातूच्या चिमट्याने ती पकडली तर नवे ओरखडे पडतात आणि पुरावा बिघडतो. चिमट्याच्या टोकांना रबर हवं.

‘एका गोळीत माणूस आडवा’ अशी टक्केवारी दिली जाते. ती कितपत खरी?

मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. अमेरिकेत प्रत्यक्ष गोळीबारांच्या नोंदी जमवून प्रत्येक गोळीला असे टक्के देण्याची टूम निघाली होती. त्यात एकच गोळी लागलेली प्रकरणं धरली जात आणि एकापेक्षा जास्त लागलेली सोडून दिली जात. म्हणजे पहिल्या गोळीने माणूस थांबला नाही म्हणून दुसरी झाडावी लागली, तर ते अपयश हिशेबातच येत नसे. असा आकडा नेहमीच सुंदर दिसणार.

शिवाय बरेच लोक गोळी लागताच कोसळतात ते घाबरून, वेदनेने किंवा आता संपलं या समजुतीने. त्यात गोळीच्या रचनेचा वाटा नाही. ज्याला थांबायचंच नाही त्याला मेंदू किंवा मणक्याचा वरचा भाग निकामी झाल्याशिवाय क्षणात थांबवता येत नाही. एफबीआयच्या १९८९ च्या अभ्यासात म्हटलंय की हृदय पूर्ण निकामी झालं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद हालचाल करण्यापुरता प्राणवायू असतो. दहा-पंधरा सेकंदांत एक माणूस बरंच काही करू शकतो. पिस्तुलाची कोणतीही गोळी या मर्यादेबाहेर नाही.

इतकी बदनामी झाली तर पोलीस पोकळ टोकाच्याच गोळ्या का वापरतात?

मागच्या माणसासाठी. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९३ मध्ये रिव्हॉल्वर सोडून ९ मिमी पिस्तुलं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा गोळ्या पूर्ण कवचाच्या होत्या. त्या माणसातून आरपार जाऊन वाटसरूंना आणि दुसऱ्या पोलिसांना लागत. १९९८ मध्ये आयुक्त हॉवर्ड सेफर यांच्या काळात पोकळ टोकाच्या गोळ्या घ्यायचं ठरलं. जास्त घातक गोळी म्हणून तेव्हा विरोध झाला, पण दाट वस्तीच्या शहरात हा निर्णय योग्य होता असं मला वाटतं.

आणि युद्धात मात्र त्यांना बंदी! हा विरोधाभास नाही का?

वरवर आहे. बंदीचा उगम तर आपल्याच देशात आहे.

१८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार होती की पॉइंट ३०३ ची नवी, पूर्ण कवचाची गोळी धावून येणाऱ्याला थांबवत नाही. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांच्या देखरेखीखाली टोकाला शिसं उघडं ठेवलेली गोळी तयार झाली. आज त्याच दमदमला कोलकात्याचा विमानतळ आहे. १८९७ मध्ये वायव्य सरहद्दीवर तिराहच्या मोहिमेत ती वापरली गेली. युरोपात गदारोळ झाला. जर्मनीतल्या ट्युबिंगेनचे सर्जन ब्रुन्स यांनी प्रयोग करून भयानक जखमा दाखवल्या. पण त्यांनी वापरलेल्या गोळ्या दमदमच्या नव्हत्या, शिकारीच्या होत्या आणि त्यांचं शिसं कितीतरी जास्त उघडं होतं. शंभर वर्षांनी ब्लॅक टॅलनचं झालं ते काही नवं नव्हतं.

२९ जुलै १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वर्ज्य ठरवल्या. ब्रिटनने विरोध केला. त्यांच्या प्रतिनिधींचा युक्तिवाद असा की युरोपियन सैनिक जखमी झाल्यावर थांबतो, ‘रानटी’ थांबत नाही. ज्यांना रानटी म्हटलं जात होतं ते आपल्याच उपखंडातले लोक होते, आणि हे वाक्य आजही वाचवत नाही. १९०७ मध्ये ब्रिटनने जाहीरनामा मान्य केला. अमेरिकेने तो कधीच स्वीकारला नाही.

हे निर्बंध युद्धासाठी आहेत, देशांतर्गत पोलिसी कामाला ते लागू होत नाहीत. जखमी सैनिक लढाईबाहेर गेला तरी युद्धाचं काम होतं, त्याला जास्त फाडण्याची गरज नाही. पोलिसाच्या समोर एक माणूस असतो आणि मागे बाजार. दोन्ही नियमांमागे अनावश्यक जखम टाळण्याचाच विचार आहे.

भारतात या गोळ्या मिळतात का?

९ मिमी आणि पॉइंट ३८ ही आपल्याकडे प्रतिबंधित बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) हत्यारं. सामान्य परवानाधारकाकडे बहुधा पॉइंट ३२ असतं, आणि काडतुसं सरकारी कारखान्याची. मराठी बातम्यांत ‘पुंगळीच्या बुडावर के एफ ७.६५ असे कोरलेले’ हे वाक्य अनेकदा वाचलं असेल. ते के एफ म्हणजे आपली खडकी, पुण्याची. १८६९ पासूनचा हा दारूगोळा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. ब्लॅक टॅलनचा आपल्या गुन्हेगारीशी संबंध जोडणाऱ्या सांगोवांगीकडे म्हणूनच सावधपणे बघा. गावठी कट्ट्यातल्या साध्या गोळीने रोज माणसं मरतात, त्यासाठी कुठलं भीतिदायक नाव लागत नाही.

माझे नातेवाईक न्यू जर्सीत असतात. तिथे या गोळ्या बेकायदेशीर आहेत असं ऐकलं.

अर्धवट खरं. एडिसन आणि जर्सी सिटीकडच्या मराठी घरांतून हा प्रश्न येतो, म्हणून उत्तर देतो. न्यू जर्सीच्या कायद्यात पोकळ टोकाची गोळी जवळ बाळगणं सर्वसाधारणपणे गुन्हा आहे, पण स्वतःच्या घरात किंवा जमिनीवर ठेवणं आणि विकत घेऊन थेट तिथे नेणं याला सूट आहे. शिकार आणि रेंजवरचा सराव यांनाही अटींसह सवलत आहे. शेजारच्या राज्यात ती कायदेशीरपणे घेतली, गाडीच्या डिकीत ठेवली आणि इकडेतिकडे फिरलं, तर माणूस सहज अडकतो. अमेरिकेत शस्त्रांचे नियम राज्यागणिक आणि कधी शहरागणिक बदलतात. सॅन फ्रान्सिस्कोने अशा गोळ्यांच्या विक्रीवर बंदी घातली आणि २०१४ मध्ये अपील न्यायालयाने ती टिकवली. नातेवाइकांना तिथल्या वकिलाकडे पाठवा.

ब्लॅक टॅलन आज कुठे आहे?

नावाने बंद झाली. रचना मात्र गेली नाही. काळा थर काढून तीच कल्पना रेंजर एसएक्सटी आणि पुढे रेंजर टी या नावांनी पोलिसांसाठी चालू राहिली. नख्यांची गोळी अनेक अमेरिकी पोलिसांच्या कमरेला वर्षानुवर्षं होती आणि तिच्याविरुद्ध कुठे मोर्चा निघाला नाही. जुनी काळी खोकी आता संग्राहक चढ्या दराने घेतात.

तंत्र तेव्हापासून बरंच पुढे गेलं आहे. आजच्या गोळ्या डेनिममधून गेल्यावरही बहुधा उमलतात आणि खोलीही गाठतात. म्हणूनच मायामीनंतर आधी १० मिमी आणि मग पॉइंट ४० कडे वळलेली एफबीआय २०१४ नंतर पुन्हा ९ मिमीकडे आली. नव्या गोळ्यांमुळे मोठ्या बोअरचा फायदा नगण्य उरला आहे आणि ९ मिमीने बहुतेकांचा नेम जास्त चांगला लागतो, असं त्यांचं कारण होतं.